रुग्णसेवेतील टाळता येण्याजोग्या चुका

आजारी माणूस रुग्णालयाची पायरी चढतो तेव्हा तो आपला देह, आणि पुष्कळदा घरातील उरलीसुरली पुंजीही, दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपवीत असतो. हा विश्वास बहुतेक वेळा सार्थ ठरतो. परंतु काही वेळा रोग एक असतो आणि निदान दुसऱ्याच रोगाचे होते. औषध योग्य असते, पण मात्रा चुकते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, पण नंतरच्या देखभालीत उणीव राहते. अशा प्रसंगी 'नशिबात होते तसे झाले' असे म्हणून नातेवाईक घरी परततात आणि चूक तेथेच गाडली जाते. गाडलेली चूक मात्र पुन्हा उगवते. म्हणूनच तिचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रुग्णालयीन उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एका रुग्णाला सेवेतील त्रुटींमुळे काही ना काही इजा पोहोचते. असुरक्षित सेवेमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात, आणि एकंदर इजेपैकी निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते, असेही ही संघटना सांगते. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस 'जागतिक रुग्ण सुरक्षा दिन' म्हणून पाळला जातो. २०२४ साली या दिनाचा विषय अचूक निदान हाच होता. भारत सरकारनेही २०१८ साली रुग्ण सुरक्षेचा राष्ट्रीय अंमलबजावणी आराखडा जाहीर केला.

निदान का चुकते?

निदान म्हणजे लक्षणांवरून रोगापर्यंत जाण्याची वाट होय. ही वाट तीन ठिकाणी चुकू शकते. पहिले ठिकाण म्हणजे रुग्णाची हकिकत. बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी असली की रुग्णाचे बोलणे अर्ध्यावर तुटते. दुसरे ठिकाण म्हणजे तपासणी. नाडी, श्वास, रक्तदाब यांची नोंद न होताच औषध लिहिले जाते. तिसरे ठिकाण विचाराचे. मनात प्रथम आलेला रोग पक्का धरला जातो आणि त्याच्याशी न जुळणारी लक्षणे दुर्लक्षिली जातात.

ग्रामीण भागात नेहमी भेटणारी उदाहरणे पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. पावसाळ्यात शेतवस्तीवर जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोटदुखीने जागा होतो. उलटी होते, घसा दुखतो, काही वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात. अंगावर जखम दिसत नाही, सूजही नसते. पोटदुखीचे औषध देऊन त्याला घरी पाठविले, तर काही तासांत त्याचा श्वास बंद पडू शकतो. कारण ही पोटदुखी नसून मण्यार जातीच्या सापाचा दंश असू शकतो. मण्यार बहुधा रात्री चावतो, त्याच्या दंशाची वेदना नाममात्र असते आणि खूण शोधूनही सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी व जड पापण्या घेऊन आला तर 'साप' हा शब्द डॉक्टरांच्या मनात प्रथम यावयास हवा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर उपयोगी पडणारी एकच प्रतिविष लस आपल्याकडे उपलब्ध आहे. वेळेवर दिलेली लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास यांनी असा रुग्ण वाचू शकतो. खाटेवर आणि मच्छरदाणीत झोपणे हा तर त्याहूनही सोपा उपाय होय.

तापाचीही अशीच गोष्ट आहे. चार दिवस ताप राहिला की विडाल नावाची रक्ताची चाचणी करावयाची आणि तिच्या एका आकड्यावरून विषमज्वर ठरवावयाचा, ही पद्धत गावोगावी रूढ झाली आहे. वास्तविक एकदाच केलेली ही चाचणी विश्वसनीय नसते. पूर्वी होऊन गेलेला आजार किंवा दुसराच एखादा ताप असतानाही ती दोष दाखवू शकते. परिणामी हिवताप, डेंग्यू किंवा गोचीड-पिसवांमुळे होणारे ताप मागे राहतात आणि रुग्णाला अनावश्यक प्रतिजैविके मिळत राहतात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला 'विडीचा खोकला' म्हणून सोडून दिला जातो आणि क्षयरोगाची थुंकी तपासणी लांबते. छातीतील जळजळ पित्ताची समजली जाते आणि हृदयविकाराचा पहिला, मोलाचा तास निघून जातो. गरोदर स्त्रीची डोकेदुखी व पायांवरील सूज 'अशा दिवसांत होतेच' म्हणून टाळली जाते. रक्तदाब मोजला असता तर पुढील झटके टळले असते. या सर्व उदाहरणांत महागड्या यंत्रांची उणीव नाही. उणीव आहे ती विचारण्याची, पाहण्याची आणि मोजण्याची.

नीट पाहण्याने केवढे अंतर पडते याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्ररात्र बसून त्यांच्या नाडीची, रक्तदाबाची व श्वासाची नोंद ठेवली. त्या काळी दिली जाणारी अनेक औषधे निरुपयोगी, क्वचित अपायकारकही आहेत, आणि मृत्यू हृदयावरील ताणामुळे ओढवतो, हे त्यांनी ओळखले. पुढे प्राझोसिन या औषधाचा त्यांनी केलेला वापर 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाला आणि लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

औषध, शस्त्रक्रिया आणि मोजणी

निदान अचूक झाले तरी पुढील प्रत्येक पायरीवर चुकीला वाव असतो. औषधाच्या बाबतीत पाच गोष्टी योग्य असाव्या लागतात : रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. सारख्या नावांची औषधे, एकसारख्या दिसणाऱ्या कुप्या आणि न वाचता येणारे हस्ताक्षर ही चुकीची तीन जुनी कारणे होत. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला तो याचसाठी. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. म्हणजे मुलाचे वजन न करता दिलेले औषध हा एक अंदाजच असतो.

औषध शुद्ध आहे किंवा नाही, हेही रुग्णसेवेतच मोडते. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या ज. जी. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांना प्राण गमवावे लागले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली तेव्हा खरेदी, तपासणी आणि पर्यवेक्षण या साखळीतील अनेक दुवे ढिले असल्याचे उघड झाले. डॉक्टरांनी लिहिलेले औषध बरोबर होते. ते रुग्णाच्या ओठापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था चुकली होती.

शस्त्रक्रियेच्या संदर्भात शेजारच्या औरंगाबाद शहरातील (आताचे छत्रपती संभाजीनगर) एक प्रकरण भारतीय न्यायेतिहासात नोंदले गेले आहे. जुलै १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात प्रसूत झालेल्या एका मातेवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर तिला तीव्र ताप व वेदना सुरू झाल्या. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडण्यात आले तेव्हा आत टॉवेल राहिल्याचे आढळले. २४ जुलै रोजी ती मरण पावली. खालच्या न्यायालयाने कुटुंबाला ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल देऊन कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शासनावर येते असे स्पष्ट केले. न्याय मिळण्यास ३२ वर्षे लागली. पोट शिवण्यापूर्वी कापडाचे तुकडे मोजण्यास काही मिनिटे पुरली असती.

नेमकी हीच मोजणी आज जगभर बंधनकारक मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची पडताळणी सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, त्वचा छेदण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून हलविण्यापूर्वी असे तीन वेळा थांबून हे मुद्दे मोठ्याने वाचावयाचे असतात. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत या सूचीची परीक्षा झाली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. या सूचीसाठी नवे यंत्र लागले नाही की नवी इमारत. एक कागद आणि तो वाचण्याची शिस्त एवढेच लागले.

६ नोव्हेंबर २०२१ चा धडा

रुग्णाला होणारी इजा नेहमी औषधातून किंवा सुरीतूनच होते असे नाही. ज्या खोलीत त्याला ठेवले ती खोलीही उपचाराचाच भाग असते. अहमदनगर जिल्ह्याला, ज्याचे नामकरण २०२४ साली अहिल्यानगर असे झाले, हा धडा अत्यंत कटू रीतीने मिळाला. शनिवार, ६ नोव्हेंबर २०२१. दिवाळीतील भाऊबीजेचा दिवस. त्या सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कोरोनाच्या साथीसाठी नव्यानेच उभारलेल्या या कक्षात त्या वेळी १७ रुग्ण होते. त्यांपैकी ११ रुग्ण दगावले. शासनाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांपैकी काहींवर निलंबनाची, काहींवर अटकेची कारवाई झाली.

अतिदक्षता कक्षातील आग ही इतर आगीहून वेगळी असते. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढलेले असते, त्यामुळे ठिणगीची ज्वाळा होण्यास वेळ लागत नाही. यंत्रे अहोरात्र चालू असल्याने वीजवाहिन्यांवर सतत भार असतो. खिडक्या बंद असल्यामुळे धूर कोंडतो. आणि मुख्य म्हणजे, ज्यांनी पळावयाचे ते रुग्ण नळ्यांनी व यंत्रांनी खाटेला बांधलेले असतात. त्यांना दुसऱ्याने उचलून न्यावे लागते. प्राणवायूची सोय सोबत न्यावी लागते. हे काम कोणी, कोणत्या दाराने व कोणत्या क्रमाने करावयाचे हे आधी ठरलेले आणि सरावलेले नसेल, तर धुराच्या त्या पहिल्या काही मिनिटांत शूर माणूसही गोंधळतो.

या घटनेपूर्वी दहा महिने, ९ जानेवारी २०२१ रोजी, भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षातील आगीत दहा अर्भके दगावली होती आणि त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्णांचा मृत्यू ओढवला. तीन ठिकाणे, तीन यंत्रणा. परंतु बोध एकच. तपासणी म्हणजे सुरक्षा नव्हे. तपासणीत निघालेला दोष कोणी, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून दूर करावयाचा, हे ठरून ते काम पुरे झाल्याची खात्री होते तेव्हाच ती सुरक्षा होते. आरोग्य, बांधकाम, वीज आणि वित्त या विभागांमध्ये फिरत राहणारी नस्ती हीही रुग्णाच्या जिवाशी संबंधित असते, याची जाणीव प्रत्येक टेबलावर असली पाहिजे.

दुर्घटनेनंतर व्यक्तीवर कारवाई होणे कधीकधी अटळ असते. पण चौकशी तेवढ्यावरच थांबली तर पुढील दुर्घटना टळत नाही. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण होते, इशारा देणारी घंटा होती काय, दार बाहेरच्या बाजूस उघडत होते काय, असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याची चूक रुग्णापर्यंत पोहोचू न देणारी व्यवस्था उभारणे हेच आधुनिक रुग्ण सुरक्षेचे सूत्र आहे.

जामखेडने दाखविलेली वाट

अशी व्यवस्था उभारण्याचा एक प्रयोग याच जिल्ह्यात, जामखेड येथे, अर्धशतकापूर्वी सुरू झाला आणि त्याने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली. अवर्षणाचा, स्थलांतराचा आणि दारिद्र्याचा हा मुलूख. मुले अतिसाराने दगावत, स्त्रिया बाळंतपणात जात, कुष्ठरोग लपविला जाई. गावात आजाराचे 'निदान' होत असे ते पुष्कळदा देवीचा कोप किंवा करणी असे. रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचे तेव्हा उशीर झालेला असे.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावी ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा रुजला नाही. तेव्हा गावातीलच एखादी स्त्री निवडून तिला शिकवावे असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, शिकत, आठवड्यात गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. कोणते मूल वजनात मागे पडले, कोणत्या गरोदर स्त्रीच्या पायावर सूज आली, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कारण त्या त्याच गल्लीत राहत होत्या. घरी काय करावयाचे आणि कोणत्या क्षणी रुग्णाला जामखेडला पाठवावयाचे, ही मर्यादा त्यांना नेमकी ठाऊक होती. आपल्याला काय येत नाही हे जाणणे हे सुरक्षित सेवेचे पहिले लक्षण होय, आणि ते या अल्पशिक्षित स्त्रियांनी आत्मसात केले होते.

परिणाम आकड्यांतून दिसला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. शतक संपेपर्यंत ते तिसाच्या आत आले होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० साली डॉ. रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. १९७८ च्या आल्मा आता येथील प्राथमिक आरोग्य परिषदेच्या काळात ज्या प्रयोगांची जगभर चर्चा झाली त्यांत जामखेड होते. २००५ पासून देशभर कार्यरत झालेल्या आशा कार्यकर्तींच्या कल्पनेमागे अशाच प्रयोगांचा अनुभव आहे.

प्रत्येकाचा वाटा

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा, १४ तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्येचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या डोंगराळ पाड्यावरून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे स्थलांतर करतात आणि त्यांचे उपचाराचे कागद वाटेतच हरवतात. अशा जिल्ह्यात रुग्ण सुरक्षा ही केवळ डॉक्टरांची बाब राहू शकत नाही.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत काही साधे प्रश्न विचारता येतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस आज शिल्लक आहे काय? रक्तदाब मोजण्याचे यंत्र व बालकांचा वजनकाटा चालू आहे काय? लसी ठेवण्याच्या शीतपेटीला वीज गेल्यावर काय होते? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावल्यावर किती वेळात येते? रुग्ण कल्याण समितीचा निधी भिंती रंगविण्याबरोबरच वीजवाहिन्या व अग्निशामक साधने यांवरही खर्च व्हावा, असा आग्रह धरता येईल.

शिक्षकांच्या हाती तर निदानाची पहिली संधी असते. फळ्यावरचे न दिसणारे मूल 'मठ्ठ' ठरते, कमी ऐकू येणारे मूल 'उद्धट' ठरते. हीसुद्धा चुकीची निदानेच होत. अशा मुलांची नावे शालेय आरोग्य तपासणीच्या पथकापुढे ठेवणे, अंगावरील फिकट बधिर चट्टा दिसताच पालकांना सांगणे, सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता, पट्टी आवळून न बांधता, थेट रुग्णालयात जावयाचे हे विद्यार्थ्यांना शिकविणे, एवढ्यानेही अनेक जीव वाचतील.

अधिकाऱ्यांवर सर्वांत मोठी जबाबदारी आहे ती चूक सांगणाऱ्याला संरक्षण देण्याची. आपल्याकडे प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत आहे. त्यात उशीर घरी झाला, वाटेत झाला की रुग्णालयात झाला, हे पाहिले जाते. त्याचा हेतू शिक्षा हा नसून शिकणे हा आहे. हीच पद्धत चुकलेले निदान, चुकलेले औषध आणि 'थोडक्यात टळलेला' अपघात यांना लागू केली पाहिजे. औषधाचा अपाय झाल्यास डॉक्टर, परिचारिका किंवा स्वतः रुग्णही १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवू शकतो, ही माहिती प्रत्येक औषध खिडकीवर लावण्यासारखी आहे.

रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने काय करावे? आजार कोणता, औषध कशासाठी, किती दिवस, आणि कोणते लक्षण दिसल्यास ताबडतोब परत यावयाचे, हे चार प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अवमान नव्हे. पूर्वीचे कागद व चालू औषधे सोबत नेणे, एखाद्या औषधाची अॅलर्जी असल्यास ती आवर्जून सांगणे, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, हा रुग्णाचा हक्क आहे. आपल्या उपचाराची कागदपत्रे मागण्याचाही हक्क त्याला आहे.

कायदा आणि विश्वास

मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. त्याच न्यायालयाने २००५ साली असेही सांगितले की, प्रत्येक अपयश म्हणजे गुन्हा नव्हे. डॉक्टरावर फौजदारी खटला चालविण्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले पाहिजेत. रुग्णाला दाद मिळावी, आणि डॉक्टरांनी भीतीपोटी गंभीर रुग्णास हात लावण्याचे टाळू नये, असा समतोल त्यांत आहे. रुग्णालयाची मोडतोड आणि डॉक्टरांना मारहाण यांनी हा समतोल बिघडतो व त्याची किंमत पुढच्या रुग्णाला द्यावी लागते.

वैद्यकशास्त्र कितीही पुढे गेले तरी काही रोग बरे होणार नाहीत आणि काही मृत्यू टळणार नाहीत. परंतु जे टळू शकतात त्यांची यादी लहान नाही. न मोजलेला टॉवेल, न विचारलेला प्रश्न, न केलेले वजन, दुरुस्त न झालेली वीजवाहिनी, अशा गोष्टींनी ती भरलेली आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी कर्तव्यात बसते. जामखेडच्या गावांतील स्त्रियांनी आपल्या वाट्याचे काम अंगणवाटांनी फिरून पुरे केले. गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत प्रत्येकाने आपापल्या वाट्याची तेवढी एक गोष्ट रोज तपासली, तर रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या माणसाचा विश्वास अधिक सार्थ ठरेल.